उसना खुंटा

धरणाच्या पाण्यावर पोलीस नाही, पंचायत नाही, पाटीसुद्धा नाही. तरी कायदा आहे, आणि तो जमिनीवरच्या कायद्यापेक्षा कडक आहे.

रिकामा खुंटा कुणीही वापरावा, विचारायची गरज नाही. पण उसन्या खुंट्याला गाठ मारायची नाही. दोराचे नुसते वेढे द्यायचे. गाठ मारली म्हणजे मालकी सांगितली. मालक परत आला की त्यानं ओरडायचं नसतं. नावेत वल्हं उभं धरायचं, बस. ते दिसलं की उसनवाल्यानं वेढे काढून मुकाट बाजूला व्हायचं आणि जाता जाता एक मासा मालकाच्या नावेत टाकायचा. आभार वगैरे शहरी चाळे इथं चालत नाहीत. दुसऱ्याचा दोर मात्र कुणी सोडायचा नाही, सात पिढ्यांचा वैरी असला तरी. आईवरून दिलेली शिवी लोक विसरतात, सोडलेला दोर विसरत नाहीत.

आणि खरी मेख पुढंच आहे. खुंट्याचा खर्च ज्याचा, खुंटा त्याचा. लाकूड कुणी आणलं, ठोकणाऱ्यांना जेवण कुणी घातलं, एवढंच बघतात. म्हणून उसनवाला मासा देतो, लाकूड देत नाही. आणि मालक उपाशी मेला तरी दुसऱ्याचं लाकूड घेत नाही.

पंचशीलाला हे सगळं ईरण्णानं शिकवलं होतं. कारंजा धरणाच्या पाण्यावर जन्म काढलेला म्हातारा कोळी. तिचा नवरा संघपाल हैदराबादला कंपनीची गाडी चालवतो, सणाला येतो. ती पत्र्याची होडी घेऊन संध्याकाळी जाळी टाकते, सकाळी उचलते आणि मासे भालकीच्या बाजाराला जाणाऱ्या ऑटोत घालते. घर त्यावर चालतं. तिला नियम पाठ होते. तिच्या सासऱ्यांना कुणी शिकवले नव्हते, कारण माणिकराव कधी पाण्यावर गेलेच नव्हते. तिथंच सगळं बिघडलं.

उन्हाळ्यात ती ठाणाकुशनूरला गेली, बहिणीच्या पोरीचा साखरपुडा होता म्हणून. परत आली, जाळं खांद्यावर टाकलं आणि ढिगाऱ्यावर गेली, तर तिचा बाभळीचा खुंटा जागेवर नव्हता. तिथं लोखंडी पाइप उभा होता. सिमेंटमध्ये गाडलेला, वर कडी, निळा रंग मारलेला. रंग बोटाला लागत होता. आणि पाइपाला गावातल्या शिवराजची फायबरची बोट लावलेली होती, मोटारीची, वर छत, आत गाद्या. तिची होडी काठावर पालथी पडली होती.

ढिगारा म्हणजे काय, ते सांगायला पाहिजे. माणिकरावांच्या वडिलांनी छप्पन सालानंतर गावकी सोडली. मेलेलं ढोर ओढणार नाही, मयताचा सांगावा घेऊन गावोगाव पळणार नाही, असं तोंडावर सांगितलं. गावानं त्यांना विहीर बंद केली. तर त्या माणसानं आपल्या तुकड्यात बायकोला घेऊन स्वतःची विहीर खोदली. निघालेला दगड-मुरूम कडेला टाकत गेले, त्याचा टेकाडाएवढा ढीग झाला. विहिरीला पाणी लागलं, तुकडा पिकायला लागला, आणि मग धरण आलं. विहीर गेली, तुकडा गेला. ढिगारा तेवढा वर राहिला, काठाला चिकटून. पश्चिमेचा वारा सुटला की सगळ्या काठावर लाटा आपटतात, फक्त ढिगाऱ्याच्या आडोशाला पाणी तेलासारखं थिर असतं. जागा एकाच नावेची. एका अंगाला दगडांचा काठ, तिथं वाऱ्यानं नाव फुटते. दुसऱ्या अंगाला मांडीएवढा चिखल. कागदावर ढिगारा सरकारचा आहे. सरकारला तो तिथं आहे हे ठाऊक नाही. पण सगळे मच्छीवाले त्याला माणिकरावचा ढिगारा म्हणतात, आणि खुंट्याला माणिकरावचा खुंटा.

पंचशीला घरी आली तेव्हा माणिकराव अंगणात बाजेवर बसले होते. तोंडावर असा तजेला, की नातू झाल्याची खबर आली असावी.

"मामा, त्यो पाइप कुणी गाडला?"

"शिवराजनं. अंबाजीच्या पोरानं. मला म्हणाला, काका, तुमचा खुंटा कुजलाय, एखांद्या दिवशी होडी जाईल वाहून. नवा करून देतो. मला खुर्ची आणली गं बसायला. प्लास्टिकची न्हाई, घरातली, गादीची! आन् सगळ्या मिस्तरी लोकांपुढं म्हणाला, काकाला विचारल्याबगर एक घमेलं टाकायचं न्हाई."

"मग तुमी काय म्हणलाव?"

"काय म्हणणार? कर बाबा म्हणलं."

"माझी होडी कुणी सोडली?"

"मीच सोडली. कामून? काय झालं?"

तिनं जाळं खाली टाकलं आणि नियम सांगितला. खुंट्याचा खर्च ज्याचा, खुंटा त्याचा. सांगताना तिचा आवाज चढला नाही. म्हाताऱ्याच्या तोंडावरचा तजेला हळूहळू उतरताना बघून तिलाच कसंतरी झालं.

"पाण्याचं मला काय ठाऊक गं," ते एवढंच म्हणाले.

कुणी माणिकरावांना हसू नये. शिवराजचा बाप अंबाजी, गावातला मोठा शेतकरी, त्यांना 'माणक्या' म्हणायचा. बांधावरून जाऊ द्यायचा नाही, गाडीवाटेत काटे टाकायचा. माणिकराव वाकले नाहीत. शिवी देणाऱ्यापुढं उभं कसं राहायचं हे त्यांना बापानं शिकवलं होतं. गादीची खुर्ची घेऊन येणाऱ्यापुढं काय करायचं हे त्यांना कोण शिकवणार? अशी खुर्ची घेऊन आजपर्यंत कुणी आलंच नव्हतं. जन्मभर ज्याला उभा ठेवला त्याला बसा म्हटलं की तो बसतो. शिवराजला हे बरोबर कळलं होतं. बापापेक्षा पोरगा हुशार निघाला, एवढाच फरक.

दुसऱ्या दिवशी पंचशीला शिवराजच्या शेडवर गेली. उसाच्या कडेला त्यानं नवीन शेड उभारलं होतं, बीदर-हैदराबादच्या गाड्या सुट्टीच्या दिवशी यायला लागल्या होत्या. बोटीतून चक्कर, वर गरम भजी. शिवराज खुर्चीत बसून फोन बघत होता.

"या वैनी, बसा. विजयश्री, चहा ठेव गं."

"चहा नको. पाइपाला खर्च किती आला?"

"कशाला?"

"सांगा. मी देते. एकदम न्हाई जमलं तर हप्त्यानं देते."

शिवराज हसला. तो छान हसतो, कुणालाही आवडेल असा. "वैनी, तुमच्याकडून पैसे घेऊ? मला पाप लागंल. काकासाठी केलंय ते. आपलंच हाय सगळं."

"आपलं म्हंजी कुणाचं?"

"आपलं म्हंजी आपलं."

"आकडा सांगा."

"विसरलो बघा. देवाशप्पथ विसरलो."

"मग पाइप उपटा. मला माझं लाकूडच पाहिजे."

"सिमेंट हाय वैनी," शिवराज हळू आवाजात म्हणाला, जणू दवाखान्यात बोलतोय. "आता उपटायचं म्हंजी ढिगारा फोडावा लागंल. काकाच्या बापानं रचलेला ढिगारा. माझा हात न्हाई चालायचा त्यावर."

आतून त्याची बायको विजयश्री चहा घेऊन आली. पंचशीला उभीच होती. चहा तिथंच टेबलावर राहिला.

ती मिस्तरीकडं गेली. राजेश्वर गावचा माणूस, तिच्या माहेरच्या ओळखीचा. त्यानं नजर चुकवली. "शिवराजअण्णानं सांगू नको म्हणलंय, अक्का. किती बी विचारलं तरी."

पैसे मागणारा सावकार परवडला. तो आकडा सांगतो, आकडा फिटतो, माणूस सुटतो. ज्यानं आकडाच गिळून टाकला त्याचं काय फेडायचं? तो रोज नमस्कार करणार, रोज वैनी म्हणणार, आणि तुम्ही रोज त्याच्या उपकाराखाली. असल्या माणसाला चोर म्हणायची सोय नाही. गाव तुम्हालाच म्हणतं, केल्याची जाण नाही तुम्हाला. म्हटलंच. दुकानात, पिठाच्या गिरणीत, सगळीकडं तेच. अंबाजीच्या पोरानं बघा काय केलं, स्वतःच्या पैशानं, त्यांच्या म्हाताऱ्याला खुर्चीवर बसवून. आता आणखी काय पाहिजे ह्यांना?

आणि रोज सकाळी पंचशीला पाण्यावर अडकायला लागली.

ती जाळी उचलून परत यायची, तर पाइपाला फायबरची बोट. ती वल्हं उभं धरायची. सवयीनं. मग ध्यानात यायचं की आता मालक ती नाही. उसनवाल्यानं मालकापुढं वल्हं उभं धरल्यासारखं होत होतं ते. बाकीचे मच्छीवाले आपापल्या नावेतून बघायचे आणि मान खाली घालायचे. शिवराज काठावरून फोन कानाला लावूनच हात वर करायचा. "पाचच मिंटं वैनी! पाव्हणे उतरायलेत!"

पाव्हणे उतरायचे नाहीत. चढायचे, फोटो काढायचे, कुणाची चप्पल पाण्यात पडायची. ती होडीत बसून राहायची, ना काठावर ना पाण्यात. ऊन पत्र्यावर चढायचं. ओल्या गोणपाटाखाली कटला माशांचे डोळे पांढरे व्हायचे. तिकडं रस्त्यावर ऑटोवाला हॉर्न द्यायचा, पुन्हा द्यायचा, आणि निघून जायचा. मग नरम पडलेला माल गावातच मिळेल त्या भावात, नाहीतर शेजारच्यांना फुकट. ज्यांना फुकट मिळायचा तेही नाक मुरडायचे.

तिनं ईरण्णाला गाठलं. तो पलीकडच्या अंगाला आपल्या खुंट्यापाशी जाळं सांधत बसला होता.

"तुमी बोला की त्याला. नियम हाय ना?"

"नियम आपला, अक्का. त्याचा कुठं हाय? जो नियम मानत न्हाई त्याला नियमानं बांधता येत न्हाई. आपल्यालाच येतंय बांधता." ईरण्णानं दातानं सूत तोडलं. "एक हाय. त्याची मोटार चालवतो गुरुबसव, माझा भाचा. त्यो दुसऱ्याचा दोर सोडणार न्हाई. शिवराजनं सोन्याचं कडं घातलं हातात, तरी न्हाई. खुंट्याला तुझा दोर असला तर त्यांची बोट लागत न्हाई तिथं."

"मग मी बांधून ठेवते होडी. हलतच न्हाई."

"आन् मासे? फोनवर धरतीस?"

तेच तर होतं. होडी खुंट्याला राहिली तर मासे नाहीत, होडी मासे धरायला गेली की खुंटा नाही.

"थर्माकोलचा तराफा लाव तिथं," ईरण्णा म्हणाला. "पण रिकाम्या तराफ्याला कुणी नाव म्हणत न्हाई. वर माणूस पाहिजे. माणूस बसला तर जेवायचा पाटसुद्धा नावच."

संध्याकाळी तिनं हे घरी सांगितलं, सहज, भाकरी थापता थापता.

"मी बसतो," माणिकराव म्हणाले.

"तुमी? तुमाला पोहायला येतंय का तरी?"

"पोहायचं कुठंय? बसायचंय नुसतं. बसायला मला चांगलं येतंय, बघितलंस की."

ती नको म्हणाली. त्यांनी ऐकलं नाही. खुर्चीचं त्यांना खात होतं, तिला दिसत होतं. तिनंही फार ताणलं नाही, हेही खरं. ऑटोचा हॉर्न तिच्या कानात होता.

पहिल्या दिवशी मजा आली. शिवराजचे पाव्हणे बॅगा घेऊन ढिगाऱ्यावर उभे, आणि पाइपाला तराफा, तराफ्यावर गोधडी, गोधडीवर पांढऱ्या टोपीतले माणिकराव. बोट पाण्यातच घुटमळत राहिली. गुरुबसवनं मोटार बंद केली. "दोर हाय तिथं अण्णा. मी न्हाई हात लावणार."

"काका!" शिवराज काठावरून हसत ओरडला. "फिरायला आलाव का?"

"व्हय. माझी हीर बघायला आलोय. इथंच खाली हाय."

"दिसतीय का?"

"तुझ्या बापाला दिसत नव्हती. मला दिसतीय."

पंचशीला तेवढ्यात जाळी घेऊन पोचली होती. ती मोठ्यानं हसली आणि होडी तराफ्याला भिडवून माल उतरवला. त्या दिवशी मासे वेळेवर ऑटोत गेले. घरी माणिकरावांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या आणि अंबाजीच्या काळच्या गोष्टी सांगितल्या, काट्यांच्या आणि गाडीवाटेच्या.

शिवराज चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

त्यानं छत्री पाठवली. काकाला ऊन लागतंय म्हणून. मग ताक पाठवलं. माणिकरावांनी ताक पाण्यात ओतलं, छत्री परत दिली. तर दुसऱ्या दिवशी गडी आले आणि पाइपाशेजारी बांबू ठोकून त्यावर हिरवी जाळी टाकून गेले. सावली काय परत देता येते? ती अंगावर पडतेच. पंचशीलानं विचारलं, खर्च किती? शिवराजनं कानाला हात लावले.

मग एकदा वाऱ्यानं तराफा हलला आणि माणिकराव पडता पडता वाचले. त्याच आठवड्यात, ती पाण्यावर असताना, शिवराजच्या गड्यांनी तराफ्याखाली निळे ड्रम बांधले आणि वर फळ्या ठोकल्या. "काका पडंल ना वैनी," शिवराज म्हणाला. "काय झालं म्हंजी गाव मला नावं ठेवंल." माणिकरावांनी ह्या वेळी नको म्हटलं नव्हतं. ड्रमांवर बसल्यावर तराफा हलत नव्हता, आणि त्या दिवशीची भीती त्यांच्या अंगात अजून होती.

तिनं फळ्यांवर पाय देऊन बघितलं. भक्कम होत्या. तरी तिनं पाय मागं घेतला, का ते तिला लगेच उमगलं नाही.

उमगलं रविवारी.

त्या दिवशी तिचं जाळं खाली बुडालेल्या झाडाच्या खोडात अडकलं. सोडवता सोडवता ऊन वर आलं, वारा सुटला. ती येता येता दुरून हिरवी जाळी दिसली, आणि तिच्याखाली गर्दी. ढिगाऱ्यावरून माणसं फळ्यांवर उतरत होती, आणि फळ्यांवरून पलीकडं लागलेल्या फायबरच्या बोटीत. बोटीचा दोर पाइपाला नव्हताच. तराफ्याच्या ड्रमला होता. गुरुबसवनं कुणाचा दोर सोडला नव्हता, कुठला नियम मोडला नव्हता. बोट माणिकरावांनाच बांधली होती.

आणि माणिकराव उभे होते. एका हातानं पाइप धरलेला, दुसरा हात पुढं. साडीतल्या, जीन्समधल्या बायका त्यांचा हात धरून बोटीत चढत होत्या. "थँक्यू बाबा." "सावकाश हं बाबा." कुणीतरी बिस्किटाचा पुडा दिला, तो त्यांच्या पायाशी पडला होता. शिवराज वरून सांगत होता, "ते आमचे काका. इथंच खाली शेत होतं त्यांचं. मोठ्या मनाचा माणूस. सगळी जागा त्यांनीच दिली आपल्याला." एक जण फोटो काढत होता. "बाबा, इकडं बघा. जरा हसा."

माणिकराव हसले.

पंचशीलानं होडी तराफ्याला भिडवली. जवळून दिसलं, म्हाताऱ्याच्या कमरेला दोर होता. धोतरावरून दोन वेढे, पोटावर गाठ, दुसरं टोक पाइपाच्या कडीत.

"मामा, ह्यो दोर कुणी बांधला?"

"मीच." त्यांनी पदर चाचपावा तसा दोर चाचपला. "डुलकी लागती ना गं बसून बसून. पडलो तर? पडलो म्हंजी खुंटा रिकामा."

"होडीत या."

"का? माल ऑटोत टाकून ये आदुगर. मी हाय इथं."

"होडीत या म्हणते मी."

"मी उतरलो तर खुंटा गेला."

"गेलाय मामा. खुर्ची दिली त्याच दिवशी गेलाय."

माणिकराव तिच्याकडं बघत राहिले. "मग मी इतके दिस कशाला बसलो?"

खरं उत्तर असं होतं, की ऑटो गाठायला. ते तिनं दिलं नाही.

शिवराज फळ्यांवर उतरला. हात जोडलेले, आवाज तसाच मऊ. "वैनी, पाव्हण्यांपुढं कशाला? काकाला आवडतंय इथं. चार माणसं भेटतात, बोलतात. घरात कोण बोलतंय त्यांच्याशी? तुमाला बी मोकळीक. मी तर म्हणतो, महिन्याचं काय तरी ठरवू काकासाठी."

आकडा न सांगणारा माणूस आज आकडा ठरवायला तयार होता. पगार. माणिकरावांच्या बापानं जी गावकी तोंडावर फेकली होती ती सावलीसकट, ताकासकट, काका म्हणून परत आली होती. आणि गोष्ट अशी की माणिकराव विचारात पडले होते. तिला ते त्यांच्या तोंडावर दिसलं. ते बघून तिचं डोकं फिरलं.

तिनं त्यांच्या पोटावरच्या गाठीला हात घातला. गाठ भिजून दगड झाली होती. माणिकरावांनी दोन्ही हातांनी गाठ झाकली.

"वैनी," शिवराज म्हणाला, आणि आता पहिल्यांदाच त्याच्या हसण्यात दात दिसले, "दुसऱ्याचा दोर सोडायचा न्हाई म्हणता ना तुमी लोक?"

"दोर कुणाच्या कमरेला हाय ते बघ आधी, शिवराज." ती त्याला कधी अरे-तुरे बोलली नव्हती. "तुझा बाप काटे टाकायचा. बरा होता. काटा काढून टाकता येत होता. तुझं काय काढायचं? सिमेंट, सावली, ड्रम. आन् आता म्हाताऱ्याला पगार. किती झाले रे एकूण? आज तरी सांग. हे सगळे ऐकायलेत. सांग, खुंट्याचा खर्च किती झाला?"

शिवराज बोटीकडं बघायला लागला. पाव्हण्यांपैकी एक बाई मराठीत दुसरीला म्हणाली, "अगं, भांडण दिसतंय घरचं."

"घरचं न्हाई," पंचशीला तिच्याकडं वळून म्हणाली. "उतरा फळीवरून. म्हातारा माणूस उभा हाय, त्याच्या अंगावरून चढायलाव तुमी."

जाळं कापायची सुरी तिच्या कमरेला होती. तिनं माणिकरावांचे हात बाजूला केले, पोरासारखे, आणि दोर कापला. गुरुबसवनं तोंड दुसरीकडं फिरवलं. ज्यांनी ज्यांनी बघितलं त्या मच्छीवाल्यांनी नंतर जे म्हणायचं ते म्हटलंच. तिनं दोर कापला. कुणाचाही असो, कापला.

माणिकराव होडीत आले, की तिनं ओढून घेतले, ते दोघांनाही नंतर सांगता आलं नसतं. होडी ढिगाऱ्याच्या आडोशातून बाहेर पडली आणि वाऱ्यानं तिला थोबाडीत मारल्यासारखं फिरवलं. मागं मोटार सुरू झाल्याचा आवाज आला. पाइपाला आता फायबरची बोट लागत असणार. तिनं वळून बघितलं नाही. माणिकराव बघत होते, तिच्याकडं पाठ करून.

"कुठं नेतीस?"

ती वल्हवत राहिली. कुठं, ते तिला ठाऊक नव्हतं. काठाकाठानं सगळे खुंटे लागले होते, रविवार, सगळे लवकर घरी. एकच मोकळा दिसला, ईरण्णाचा. तो अजून पाण्यावरच होता. तिथं दोन वेढे देता आले असते. ईरण्णा नको म्हणाला नसता, उलट गाठ मार म्हणाला असता. मग उद्या त्याचं वल्हं उभं दिसलं की बाजूला. परवा पुन्हा. त्याच्या नावेत एक मासा टाकायचा आणि पाण्यात घुटमळत राहायचं, जन्मभर, चांगल्या माणसाच्या मेहेरबानीवर. चांगला असला म्हणून काय झालं.

"ईरण्णाचा रिकामा हाय," माणिकराव म्हणाले.

"दिसला मला."

तिनं होडी पुढं काढली. लाटा आता आडव्या येत होत्या. प्रत्येक लाटेला थोडं पाणी आत, कटल्यांच्या अंगावरून म्हाताऱ्याच्या पायापाशी. तिनं त्यांच्याकडं डबा सरकवला. त्यांनी तो घेतला आणि पाणी उपसायला लागले. रस्त्याकडून ऑटोचा हॉर्न आला आणि वाऱ्यात विरला. दगडांचा काठ समोर आला, काळा, फेसानं भरलेला. इथं कुणी नाव लावत नाही. इथं कुणाचा खुंटा नाही, कारण दगडात खुंटा जात नाही.

तिनं वल्हं जोरात मारलं, लाटेसरशी होडी वर घातली. पत्रा दगडावर असा घासला की दोघांच्या दाढा शिवशिवल्या. ती कमरेएवढ्या पाण्यात उतरली, पुढं गेली आणि होडीचं नाक दोन्ही हातांनी धरलं. लाट माघारी गेली तशी होडीही मागं ओढली गेली.

"दगड हाय गं खाली," माणिकराव म्हणाले. "पत्रा फाटंल."

"फाटू द्या. उतरा, मागून ढकला."

"रोज असंच ओढायचं का?"

"व्हय. ढकला."